रखमाजींचं काळं पेन

"मला धरून नेतील का हो, ताई?" सरूबाईंनी चहाची बशी पुढे सरकवत विचारलं.

चेतना कटारिया मंचरहून निरगुडसरला आली होती. खासगी तपास करणारी बाई. सोबत सावळेराम, निवृत्त हवालदार. संशयाला पुढे, विचाराला मागे.

ओसरीवर चिठ्ठी पसरली होती. सरूबाईंच्या दिवंगत नवऱ्याच्या, रखमाजींच्या डायरीत ती परवा सापडली. तारीख दहा मार्च. ते वारले त्याच्या चार दिवस आधीची. 'सरूच्या काढ्यात विष आहे. मी मेलो तर तिला सोडू नका.'

पोलिसांचं भय होतंच. पण सरूबाईंना खरं खात होतं ते निराळंच. चाळीस वर्षं संसार केला, आणि मालक मनात हे घेऊन गेले? दोन दिवस घशाखाली घास उतरला नव्हता.

चेतनाने सावळेरामच्या हाती भिंग दिलं. "काय दिसतं?"

"अक्षर त्यांच्यासारखंच. पण दाब दिलाय तिथं रेघ फाकलीय. कडंला दोन रेघा, मधी कोरं."

"आणि डायरीत?"

"सगळीकडं एकसारखी. शेवटी हात थकला असंल."

सून स्नेहल आली. तिच्या बोटाला निळा डाग होता. सावळेराम ताडकन म्हणाला, "ही शाई कशाची?"

ती दचकली. "मामांच्या पेनाची. रोलर पेन व्हतं. रिफिल मिळंना, म्हणून एप्रिलात त्याचा पुढचा भाग बदलून निब बसवून घेतली. आईच म्हणाल्या, त्यांची वस्तू चालू ऱ्हाऊ दे. लई गळतंय. फोटोपाशी ठेवलंय."

"पेन हिचं, डाग हिचा," सावळेराम पुटपुटला. सरूबाईंनी सुनेकडे पाहिलं. घरातलीच?

मग पुतण्या भरत. पुण्यात नोकरीला, मे महिन्यात यात्रेला आला, तो राहिलाच. बोलणं कसं, लोण्यासारखं.

"काकू, कशाला चौकशा? उद्या ठाण्यात गेलं तर अब्रू जाईल. शेत माझ्या नावावर करा, माहेरी जा. चिठ्ठी मी जाळून टाकतो."

"काकांना लिहिताना पाहिलंयस?" चेतनाने विचारलं.

"कितींदा! त्याच एका काळ्या पेननं. निब वाकंल म्हणून कुणाला हात लावू देत नव्हते."

"भरत, रखमाजी जिवंत असताना त्या पेनाला निब नव्हतीच."

"रोलरच्या टोकाला गोळी असते. कितीही दाबा, रेघ फाकत नाही. निबला मधे चीर असते, दाबली की दोन्ही पाती फाकतात. चिठ्ठी निबनं लिहिलीय, म्हणजे एप्रिलनंतर. माणूस तर मार्चमध्येच गेला."

"मग सूनच की!" सावळेराम म्हणाला.

"जिनं स्वतः निब बसवली, ती मार्चची तारीख घालून निबनं लिहील? सरूबाईंनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या ह्याला. फोटोपाशी पेन दिसलं, टोपण काढलं, वाटलं पहिल्यापासून असंच. चिठ्ठी खरी वाटावी म्हणून काकांचंच पेन उचललं, आणि आता न पाहिलेल्या निबच्या गोष्टी सांगतोय."

भरत उठला. दारात सावळेराम उभा होता. भरत परत खाली बसला. "मला फक्त शेत पायजे व्हतं," एवढंच म्हणाला.

सरूबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी चेतनाचा हात घट्ट धरला. "म्हंजे... ह्यांनी न्हाई लिहिलं?"

"नाही. ते काढा शेवटपर्यंत घेत होते ना?"

"शेवटच्या दिवशीबी मागून घेतला, ताई. म्हणाले, सरू, आणखी वाटीभर दे." आणि सरूबाई तोंडाला पदर लावून हमसून हमसून रडायला लागल्या.