पन्नास टक्के

"मॅडम, मी जिंकणार याची शक्यता तुमच्या यंत्रानं आधी किती टक्के धरली होती?"

राजनंदिनीनं प्रश्न विचारला आणि झटक्यात माइक बंद केला, कारण मागे पलंगावर तिच्या मैत्रिणी अफ्रीन आणि दिव्यानी तोंडात उशी कोंबून हसत होत्या. पैज त्यांचीच. चिरफाड मंडळाच्या ऑनलाइन बैठकीला एवढी मोठमोठी माणसं, त्यात 'खूणगाठ' कार्यक्रमाच्या प्रमुख वर्तक मॅडम स्वतः पाहुण्या. त्यांना तोंडावर असं विचारून दाखव. नव्वदच्या खाली आकडा आला तर पाणीपुरी अफ्रीनकडून. राजीला हल्ली हिंमत कशाचीही होत होती. वसमतच्या चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागलेला, त्यावर आमदारांपेक्षा तिचा चेहरा मोठा.

'खूणगाठ' हा प्रश्नांचा कार्यक्रम टीव्हीवर रविवारी लागायचा. दोन स्पर्धक दोन काचेच्या खोल्यांत बसत, त्यांना उत्तराकडे नेणारं एक वाक्य ऐकू येई, आणि आधी ओळखेल त्याला गुण. त्या वाक्याला कार्यक्रमात 'खूण' म्हणत. मंगळवारी संध्याकाळी चिरफाड मंडळातले चाहते पडद्यावर जमून एकेक खूण उभी आडवी फाडत. 'बहुधा' हा शब्द इथं कशाला घातला? या वाक्याची दोन उत्तरं निघत नाहीत का? राजी आठवीत असल्यापासून या बैठकांना बसत होती. आता दहावीत ती स्वतःच चिरफाडीचा विषय झाली होती.

पूर्वी दोघांना एकच खूण मिळे. मग एकदा सरकत्या जिन्यावरून यंत्रशास्त्रातली खूण आली आणि मेळघाटची एक हुशार मुलगी नुसती बघत राहिली, कारण तिनं सरकता जिना कधी पाहिलाच नव्हता. मंडळानं रान उठवलं. हजारो सह्या गेल्या, त्यात एक राजीची. मग वाहिनीनं 'समशब्द' नावाचं यंत्र आणलं. पहिलीपासून प्रत्येकाच्या दप्तरात असते ती पाटी, म्हणजे शाळेचा पातळ पडदा. तिच्यात आपण काय वाचलं, कुठं अडखळलो, घरचे शब्द कोणते, सगळं साठलेलं असतं. ते चाळून समशब्द प्रत्येक स्पर्धकासाठी वेगळी खूण घडवायचं. उत्तर एकच, शब्द ज्याचे त्याचे.

आजचा वाद राजीच्याच सामन्यावर होता. उत्तर होतं परासरण. तिची खूण अशी: 'मीठ लावून ठेवलेल्या कैरीच्या फोडींना पाणी सुटतं, ते कोणत्या क्रियेनं?' हर्णैच्या प्रीतेश दोरकुळकरची अशी: 'समुद्रातला मासा सारखा पाणी पितो, कारण कोणत्या क्रियेनं त्याच्या अंगातलं पाणी बाहेर जात राहतं?' राजीनं आधी ओळखलं. अंतिम फेरीच्या पूर्वार्धात एका गुणानं ती पुढं गेली; उत्तरार्ध येत्या रविवारी होता.

"उघड अन्याय आहे," कुणी नागपूरचे गृहस्थ म्हणाले. "माझ्या काकूंना माशाची खूण वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, माशाला कसली तहान लागते, तूच पाणी पी."

"तुमच्या काकूंना किनाऱ्यावर पाठवा," रत्नागिरीच्या एक बाई म्हणाल्या. "आमच्याकडं लोणचंच अवघड गेलं असतं."

सगळे हसले. वर्तक मॅडम हसल्या नाहीत. त्या कागद चाळल्यासारखं खाली बघत होत्या.

"पन्नास," त्या म्हणाल्या.

दिव्यानीनं उशी बाजूला ठेवली. "आवाज तुटायलाय का गं?"

राजीनं माइक चालू केला. "त्या एका खुणेला?"

"प्रत्येक खुणेला. तुला पन्नास, प्रीतेशला पन्नास. सारखी संधी म्हणजे तेच की. तुम्ही सगळ्यांनी तेच मागितलंत."

"पण मी पहाटे उठून अभ्यास केला. दोन वर्षं. तो नसता केला तर?"

"तर खूण तेवढी सोपी झाली असती."

"आणि अजून केला असता तर?"

"अवघड झाली असती." त्यांचा आवाज मऊ होता, दवाखान्यातल्या बाईंसारखा. "समशब्दचं कामच ते आहे, बाळा."

 इतकी वर्षं शब्दाशब्दावर भांडणाऱ्या माणसांना आता भांडायला काही उरलं नव्हतं. मग नागपूरचे गृहस्थ हळूच म्हणाले, "म्हणजे छापा-काटा?" वर्तक मॅडम पुन्हा खाली कागदाकडं बघू लागल्या.

अफ्रीननं पाणीपुरीचं नाव काढलं, राजीनं भूक नाही म्हणून सांगितलं. त्या गेल्यावर ती दूध आणायला चौकात आली आणि फ्लेक्सकडं बघत उभी राहिली. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. रागही आला नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गालाचं होतं तसं आत सगळं झालं होतं. हात लावला तर गाल आहे, पण आपला नाही. दूधवाले काका म्हणाले, "काय बघायलीस, तूच हाईस ती." ती "हो" म्हणाली.

घरी मम्मी तिच्या नव्या गणवेशाचं माप घ्यायला टेप काढून बसली होती. जिंकणाऱ्याला विज्ञान निकेतनात प्रवेश मिळणार होता, राहून शिकायचं, जागा एकच. "हात वर कर," मम्मी म्हणाली. राजीनं केला. "कुठं हरवलीस?" "कुठं नाही."

गच्चीवर गेली तेव्हा फोन वाजला. प्रीतेश. दोघं आजवर फक्त काचेतून एकमेकांना बघून हसले होते.

"मी पण मंडळाच्या बैठकीत ऐकत होतो," तो म्हणाला. "मी घरी सांगितलंच नाही. बाबा म्हणतील, बरं झालं, चल होडीवर."

"तुला राग आला?"

"येत होता, मग गेला. आता काहीच वाटत नाही. तुला?"

"मला पण काहीच नाही." हे कुणाला तरी सांगता आलं म्हणून तिला किंचित बरं वाटलं. "जुनी पद्धत मागायची का? दोघांना एकच खूण?"

"कुणाच्या शब्दांत? परत मुंबईच्याच ना?"

 खालून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग राजी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माझ्या खुणा तू घेतल्यास तर? तुझ्या मी."

"म्हणजे?"

"समशब्दनं त्या माझ्यासाठी बेतल्यात. तुझ्यासाठी नाहीत. मग पन्नास कुठून राहतील? तुला माझ्याकडचं शिकावं लागेल, मला तुझ्याकडचं. जो शिकेल तो."

 "नियमावलीत आहे तसं," प्रीतेश म्हणाला. "दोघांची संमती असेल तर खूण बदलता येते. मी वाचलंय. पण कुणी बदललीच नाही, कोण कशाला आपली सोपी सोडेल? राजनंदिनी, आपल्याला एकही येणार नाही कदाचित."

"कदाचित."

"बरं. चालेल."

पप्पा एसटीची ड्युटी संपवून आले, हातपाय धुऊन ताटावर बसले. राजीनं सगळं सांगितलं. पन्नास टक्क्यांचं, अभ्यासाचं, छापा-काट्याचं, खुणा बदलायचं. पप्पांचा घास हातातच राहिला.

"पण पुढं तू आहेस ना?" मम्मी म्हणाली. "मग कशाला छेडायचं? एवढी वर्षं आपल्या लेकरांना त्यांच्या शब्दांनी दारातच अडवलं. आता कुठं आपल्या लोणच्याला किंमत आली तर तू ते दुसऱ्याला देऊन टाकणार?"

 मम्मीचं चुकत नव्हतं.

"अन् ते पोरगं जास्त शिकून आलं तर?" पप्पांनी विचारलं.

"तर ते जिंकेल, पप्पा. आणि मी हरेन. म्हणजे मीच हरेन, दुसरं कुणी नाही." तिच्या गालात काहीतरी दुखल्यासारखं झालं. सुई उतरताना दुखतं तसं. "मी रविवारी त्याच्या खुणा घेणार. आमचं ठरलंय. मी विचारत नाहीये, सांगतेय. आता मला एवढं सांगा, समुद्राला भरती दिवसातून किती वेळा येते?"

मम्मीनं पप्पांकडं बघितलं. पप्पांनी मम्मीकडं. दोघांनीही समुद्र कधी पाहिला नव्हता.