दोन सेकंदांची फट

“तुला पटायचं नाही बाय,” विसूकाकांनी नेहमीसारखीच सुरुवात केली, “पण या सांधक यंत्रानं मी एकदा आख्खं लग्न उभं केलंय. कॅसेटला बुरशी. शिल्लक काय, तर अंतरपाट आणि जिलब्या. मधलं सगळं यंत्रानं भरलं. नवरा म्हणतो, काका, आमचे सासरे खऱ्या लग्नात एवढे हसले नव्हते हो!”

एरवी या थापेवर त्यांच्या व्हिडिओच्या दुकानात हशा पिकला असता. दर्शना चोगले हसली नाही. तिची नजर पडद्यावर होती. तिथे तिचा नवरा आठ महिन्यांपूर्वीच्या सकाळी थांबून राहिला होता.

बंदराच्या खांबावरच्या कॅमेऱ्यानं टिपलेली दोन चित्रं. पहिल्यात हरेश जेटीच्या कडेला पाठमोरा, पायात निळ्या चपला. दुसऱ्यात जेटी रिकामी. चपला तेवढ्या शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या.

“मधे काहीच नाही?”

“कुठून असणार? व्हिडिओ म्हणजे चित्रांची गड्डी. एक चित्र म्हणजे एक फ्रेम. मी लग्नं काढायचो तेव्हा सेकंदाला पंचवीस फ्रेमा. भराभर उलटल्या की डोळा फसतो, माणूस चालतोय असं वाटतं. या बंदरवाल्यांनी साठवणीची जागा वाचवायला दोन सेकंदांना एकच ठेवली. हरेश गेला तो त्या फटीतून.”

देह तिसऱ्या दिवशी मिळाला होता. पाय घसरला, असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे. पाठ वळली की दुसरंच म्हणायचे. त्या सकाळी होडी विकण्यावरून दोघांचं वाजलं होतं. “मग येऊच नकोस परत,” असं ती बोलून गेली होती आणि तो उंबऱ्यातून “जातो” म्हणाला होता. त्या घरात बाहेर पडताना जातो कुणी म्हणत नसे.

“हा सांधक लाखो व्हिडिओ बघून शिकलाय,” विसूकाका म्हणाले. “माणूस इथून तिथे कसा गेला असेल, ते एकेक फ्रेम काढून दाखवतो.”

“म्हणजे अंदाज.”

“अंदाजच. पण दांडगा!”

त्यांनी बटण दाबलं. चित्र हललं. होडीत चढण्याआधी काढतात तशा हरेशनं चपला काढल्या, शेवाळावर पाय टाकला, तो सर्रकन गेला. जेटी रिकामी.

“घसरला,” दर्शना पुटपुटली आणि स्टुलावर बसली. “पुन्हा लावा.”

विसूकाकांनी पुन्हा लावलं. तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरताना त्यांना दिसलं, आणि आपण केलं ते बरंच केलं, असं त्यांनी स्वतःला पुन्हा एकदा बजावलं.

कारण सकाळपासून त्यांनी दुसरंच पाहिलं होतं. सांधक दर वेळी नव्यानं फासे टाकतो, त्यामुळे दर खेपेला वेगळं काहीतरी निघतं. एकाच नवरीच्या हातात कधी पाच बांगड्या, कधी नऊ. हरेशच्या बाबतीत मात्र ओळीनं सहा वेळा एकच निघालं होतं. चपला काढून तो वळला. मान वर करून थेट कॅमेऱ्यात पाहिलं. ओठ हलले. आणि पुढच्या फ्रेमला जेटी रिकामी. घसरला नाही, उडीही नाही. विसूकाकांनी मूळ चित्र मोठं करून पाहिलं. चित्र ज्या बारीक ठिपक्यांचं बनतं, ते पिक्सेल त्या अख्ख्या डोक्याच्या वाट्याला नऊच आले होते, आणि तेही पाठमोरे. यंत्राला हा चेहरा मिळाला कुठून? सहाव्या खेपेनंतर त्यांनी सगळं पुसून टाकलं आणि सांधकाला लेखी हुकूम दिला: पाय घसरतो.

“एकदाच चालवलंत ना काका?”

“एकदाच! माझं यंत्र आहे ते. पहिल्याच फटक्यात खरं दाखवतं.”

दर्शना उठली. पडद्याच्या कोपऱ्यात यंत्र आपणहून क्रमांक टाकतं, त्यावर तिनं बोट ठेवलं. ‘हरेश ७’.

“खोटं बोलताय तुम्ही.”

विसूकाकांचा हात पडदा बंद करायच्या बटणाकडे गेला.

“होडीत पाय ठेवण्याआधी तो वळायचा,” ती म्हणाली. “किनाऱ्याकडे बघून ‘येतो’ म्हणायचा. एक दिवस चुकला नाही. तुमच्या या सातव्यात तो वळतच नाही काका.” ती पडद्याकडून त्यांच्याकडे वळली. “त्या सहांत वळला होता ना? खरं सांगा. येतो म्हणाला, की जातो?”