लाल झालेल्याने वडे आणायचे

त्या सकाळी भिंतीवर निनाद वाळिंबेचं नाव लाल झालं आणि बाणेरच्या त्या ऑफिसात सगळ्यांना आनंद झाला. नियम ठरलेला होता: लाल झालेल्याने वडे आणायचे. निनाद हसत हसत खाली गेला, गरम वडे आणि तळलेल्या मिरच्या घेऊन आला, आणि आपणही कसे सगळ्यांसारखेच आहोत हे त्याने दोनदा बोलून दाखवलं. एरवी तो तसं कधी मानत नसे.

भिंत म्हणजे कंपनीच्याच 'राखण' या सॉफ्टवेअरचा मोठा पडदा. राखण प्रत्येक कर्मचाऱ्याची सवय शिकून घेई: तो कुठली माहिती उघडतो, केव्हा उघडतो, कीबोर्डवर बोटं किती वेगाने चालवतो. सवयीपासून माणूस जितका दूर जाईल तितका त्याचा संशयांक वाढे. माहिती चोरणारा घरभेदी असा वेळेआधीच सापडावा, ही मूळ कल्पना. ती वाईट नव्हती. ती वाईट करायला एक प्रॉडक्ट मॅनेजर लागला, आणि त्या जागेवर कंपनीने निनादला बसवलं होतं.

सुरुवातीला संशयांकाने एक ठरावीक रेषा ओलांडली तरच नाव लाल होई. पण बहुतेक माणसं सरळ असतात. ग्राहकांच्या भिंती महिनोन्महिने हिरव्यागार राहिल्या, आणि ग्राहक विचारू लागले, की मग आम्ही हे घेतलंय तरी कशाला. यावर निनादने अकलेचे तारे तोडले. रेषाच काढून टाकायची. त्या दिवशी ज्याचा अंक सगळ्यांत जास्त, तो लाल, मग तो अंक कितीही किरकोळ असो. हे अंक तपासणं रेश्मा तांबोळीचं काम होतं. तिने बैठकीत सांगितलं, की असं केलं तर देवमाणसांच्या ऑफिसातही रोज एक चोर निघेल. तुला ग्राहकाचं मन कळत नाही, असं निनादने तिला सुनावलं आणि या बदलाला 'जिवंत भिंत' असं झोकदार नाव दिलं. त्यावर त्याला बढतीही मिळाली. ऑफिसातल्यांना खरी गोष्ट ठाऊक होती, म्हणून त्यांनी वड्यांची गंमत काढली. ग्राहकांना ती गोष्ट कोणी सांगितलीच नव्हती.

वडे खाऊन निनाद आणि रेश्मा निघाले. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात राखणने म्हणे मोठा मासा पकडला होता. गाडी आपली आपण चालत होती, आणि निनाद या यशावर कुठल्याशा परिषदेत करायच्या भाषणाची वाक्यं गाडीलाच सांगून लिहवून घेत होता. मासा कोण, हे त्याने विचारलंही नव्हतं.

मासा म्हणजे सुनंदा खंडागळे, केंद्रातल्या रसायनतज्ज्ञ. पाण्यात क्लोरीन किती सोडायचं ते त्या ठरवत. मुलीच्या बाळंतपणासाठी त्या रजेवर गेल्या होत्या. परत आल्या त्या दिवशी मधल्या काळातली सगळी मोजमापं त्यांनी एका बैठकीत उघडून वाचली. कोणताही कामसू माणूस हेच करील. भिंतीने त्यांना लाल केलं. एरवी लाल झालेले ताकीद घेऊन सुटत, पण इथे प्रश्न शहराच्या पाण्याचा होता; संगणकाने त्यांना प्रवेश बंद केला, आणि तेव्हापासून त्या रोज येऊन शिपायाच्या बाकावर बसत होत्या. आज निर्णय व्हायचा होता. दोषी ठरल्या, तर तो लाल शिक्का राज्यातल्या प्रत्येक कार्यालयाच्या भिंतीवर त्यांच्या नावापुढे कायम दिसणार होता. मग त्यांना पुन्हा कोणी कामावर घेतलं नसतं.

निर्णय देणाऱ्या कार्यकारी अभियंता बाबरसाहेबांनी आपल्या खोलीत निनादला एकच विचारलं: राखण कोणाला विनाकारण लाल करतं का. या क्षणी खरं बोलून तो मोकळा होऊ शकला असता. पण केंद्राचा करार नव्याने व्हायचा होता, आणि निनादचा कणा बढतीच्या आधीपासूनच मऊ होता.

"कारणाशिवाय कोणी लाल होत नाही, सर," तो म्हणाला. "कारण काय, ते शोधणं तुमचं काम."

बाबरसाहेबांनी मान डोलावली. वाक्य खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते ऐकून रेश्माला किळस आली.

सुनंदाताईही समोरच बसल्या होत्या. आता त्यांनी निनादलाच विचारलं, "तुमच्या ऑफिसातही ही भिंत असेल ना? तिथे लाल झालेल्या माणसाचं तुम्ही काय करता?"

"आमच्याकडे तशी वेळच आली नाही," निनाद म्हणाला. त्याच्या बाहीवर तेलाचा डाग होता. "आमची माणसं पारखून घेतलेली आहेत." मग सवयीने त्याने साक्षीसाठी शेजारी पाहिलं. "काय रेश्मा, खरं ना?"

सकाळी रेश्मानेही हसत हसत वडा खाल्ला होता. त्याची तिला आता लाज वाटली. नुसतं हो म्हटलं की तिची नोकरी शाबूत राहणार होती, आणि समोरची बाई जन्मभर लाल. बाबरसाहेब तिच्या उत्तरासाठी थांबले होते.

"निनाद," ती म्हणाली, "आज सकाळी वडे तू का आणले होतेस?"