अर्ध्या पानानंतरचा जबाब

चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम ती नऊ वर्षं करत होती. त्या दिवशी मात्र बारीक स्क्रू तिच्याच्यानं चिमटीत धरवेना. उजव्या हाताची दोन बोटं सुजून काळीनिळी झाली होती. दुकानाच्या मालकीणबाईंनी बोटांकडे पाहिलं. तिच्या हातातली फ्रेम काढून घेतली आणि म्हणाल्या, "दवाखान्यात नंतर जा. आधी चौकीत जा."

म्हणून ती भर दुपारी पोलीस चौकीत येऊन बसली.

नवरा परगावी नोकरीला, तीन महिन्यांतून एकदा येणारा. थोरल्या जाऊबाई गेल्या वर्षी जिन्यावरून पाय घसरून गेल्या, तेव्हापासून घरात ती आणि थोरले दीर एवढी दोघंच. आधी भाऊजींचा नुसता आवाज चढायचा. मग हात उठायला लागला. काल तिनं नवऱ्याला फोन केला, तर भाऊजींनी तिची बोटं दाराच्या फटीत धरून दार ओढून घेतलं.

"घाई नाही," हवालदारबाई कागद सरळ करत म्हणाल्या. "आठवेल तसं सांगा."

आतली खोली. एकच खिडकी, तीही कपाटानं अर्धी झाकलेली. पंख्याची घरघर आणि पेनाची कुरकुर. बोलता बोलता तिच्या डोळ्यांवर झापड आली. ओल्या केसांचा वास आला, अगदी मानेजवळून. हवालदारबाईंचे केस तर आखूड होते, कोरडे ठाक. मागे वळून बघावं असं तिच्या मनात आलं, पण मान काही वळेना.

भानावर आली तेव्हा तीन पानं भरली होती.

"वाचून दाखवते," हवालदारबाई म्हणाल्या.

पहिलं अर्धं पान तिचंच होतं. मारहाण, बोटं, दार. मग हवालदारबाई वाचू लागल्या, "'जिन्यावरून माझा पाय घसरला नव्हता. ह्यांनी मागून ढकललं. खाली पडले तरी जीव होता. हे वरच्या पायरीवर बसून राहिले… माझा श्वास थांबेपर्यंत.'"

"हे मी नाही सांगितलं."

हवालदारबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुम्हीच सांगितलंत. फक्त… अर्ध्या पानापर्यंत त्यांना 'भाऊजी' म्हणत होतात. नंतर 'हे' म्हणायला लागलात. आणि 'माझा श्वास थांबेपर्यंत' म्हणालात. मला विचित्रच वाटलं, पण सांगाल तसं लिहीत गेले."

भाऊजींना 'हे' म्हणणारी त्या घरात एकच बाई होती.

"पुढे… काय आहे?"

"'आज ही घरी जाईल तेव्हा हे दाराआड उभे असतील. हातात लोखंडी अडसर असेल.'"

हवालदारबाईंनी कागदांची घडी घालून खिशात ठेवली. मग टोपी उचलली आणि बाहेरच्या दोन शिपायांना हाक मारली.

तिच्या घराचं दार शिपायानं लोटलं. भाऊजी दाराआडच उभे होते, अडसर उगारून. शिपायानं वेळेवर मनगट धरलं, म्हणून निभावलं.

"मला वाटलं चोर शिरला," ते शांतपणे म्हणाले.

हवालदारबाईंनी कागद काढला आणि वरच्या पायरीची ती ओळ तेवढी वाचली. भाऊजींचा चेहरा उतरला.

"हे कोणी पाहिलं?" ते पुटपुटले. "तेव्हा घरात कोणीच नव्हतं…"

त्यांना कोठडीत टाकल्यावर ती सही करायला पुन्हा त्याच टेबलाशी बसली. शेवटचं पान उलटताना हवालदारबाईंचा हात थबकला. अडसराच्या ओळीखाली आणखी एक ओळ होती. त्याच पेनाची, त्यांच्याच अक्षरातली.

"ही मी नाही लिहिली," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

तिनं वाकून वाचली. 'माझ्याआधीची अजून काहीच बोललेली नाही.'

जाऊबाईंच्या आधी घरात कोणी होतं, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. भाऊजींना धरल्याचं सांगितलं. मग विचारलं, "अहो, भाऊजींचं आधी एक लग्न झालं होतं का?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"ती…" त्यानं दबक्या आवाजात विचारलं, "ती आली आहे का तिथं?"