समुद्राला परत द्यायचं मीठ

"बोटीत कोन कुठं बसनार ते आत्ताच ठरवा," लखन म्हणाला. "मागून भांडन नको."

"अजून विमानाचा पत्ता नाही, अन् याले बोटीतली जागा पाह्यजे," त्याची धाकटी बहीण वर्षा म्हणाली.

दिग्रसजवळच्या तांड्यावर, देवीलाल गुरुजींच्या अंगणातल्या निंबाखाली, उन्हाळी सुट्टीचा बेत शिजत होता. बेत साधासुधा नव्हता. थायलंडमधलं एक बेट! विमानानं जायचं आणि शेवटी बोटीत बसायचं. गुरुजी आणि बँकेतले यज्ञेश्वरकाका जुने दोस्त, म्हणून दोन्ही घरं मिळून निघणार होती. बेटाचं नाव घेताना काकांची जीभ दर वेळी वेगळ्या बाजूला वळायची, त्यामुळे सगळे नुसतं 'बेट' म्हणत. रविवारी यवतमाळहून सहलीवाले प्रेमभाऊ येऊन तिकिटं पक्की करणार होते.

पण खरी तयारी झाली होती एकट्या याडीची. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. गुरुजी आपल्या आईला याडी म्हणत, म्हणून त्यांची मुलं लखन आणि वर्षाही आजीला याडीच म्हणत. आजवर पोहरादेवीची जत्रा सोडली तर ती कुठल्याही सहलीला तयार झाली नव्हती. यंदा मात्र 'समुद्र' हा शब्द कानावर पडला आणि ती एका दमात हो म्हणाली. आरशांच्या कशिद्याच्या जुन्या फडक्यात तिनं मूठभर खडेमीठ बांधलं आणि ती पुरचुंडी उशाशी ठेवली.

"आपले लोक बैलांच्या पाठीवर मीठ लादून गावोगाव फिरले," ती वर्षाला म्हणाली होती. "पन ते मीठ ज्याच्या घरून येते, त्याले आपल्या घरातल्या कोनंच पाह्यलं नाही. मी त्याले एक मूठ वापस देऊन येतो."

तेवढ्यात यज्ञेश्वरकाकांची केतकी फोन घेऊन आली. प्रेमभाऊंनी हॉटेलचा नवा व्हिडिओ पाठवला होता. निळाशार तलाव, पांढऱ्या छत्र्या, माडांच्या रांगा. मोठ्यांनी तो सकाळीच पाहून वाहवा केली होती.

"थांब. जरा मागं घे," लखन म्हणाला. "त्या माडांखाली पाह्य."

माडांखाली बोटी ओढून पालथ्या घातल्या होत्या. खुर्च्यांची चळत रचून एक माणूस तिच्यावर ताडपत्री टाकत होता आणि दोर आवळत होता.

लखनच्या हाताला कालचेच दोर काचले होते. कडब्याच्या गंजीवर त्यानंही अशीच ताडपत्री बांधली होती.

"हे तं आपन पान्याच्या आधी करतो," तो हळूच म्हणाला.

तिघं संध्याकाळी काकांकडे गेली. गुरुजीही तिथंच बसले होते. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि खिळ्यावरचं पंचांग काढलं.

"मृग लागायला अवकाश आहे. त्याआधी आला तर वळवाचा पाऊस. येतो आणि जातो."

"पण बाबा, तिथल्या पावसाला आपलं पंचांग कोणी दाखवलंय?" केतकीनं विचारलं.

"मे महिन्यात पावसाळा म्हनते पोट्टी! इथं टाळकं तापून राह्यलं," गुरुजी म्हणाले, आणि दोघं पोट धरून हसले. शहाण्या माणसांचं असंच असतं. आपल्या अंगणात ऊन असलं की त्यांना जगभर ऊन दिसतं.

हॉटेलची पाटी व्हिडिओत होतीच. दुसऱ्या दिवशी केतकीनं नंबर शोधून थेट व्हिडिओ कॉल लावला. पलीकडे एक हसरी मुलगी होती. तिचं इंग्रजी आणि केतकीचं इंग्रजी, दोन्ही लंगडी. शेवटी त्या मुलीनं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मेपासून ऑक्टोबरपर्यंतच्या पानांवरून बोट फिरवत तिनं 'नाही' अशी मान हलवली. नोव्हेंबरचं पान आल्यावर ती हसली आणि तळहाताची होडी करून डुलवली. मग तिनं फोन खिडकीकडे वळवला. करड्या लाटा धक्क्यावर चढत होत्या.

केतकीनं फोन खाली ठेवला.

"आपन नाही सांगतलं तर?" वर्षानं विचारलं. "बेत मोडला तर याडी पुन्हा हो म्हननार नाही. मले मालूम आहे."

"आणि बोट सुटलीच तर?" केतकी म्हणाली. "त्या लाटांमध्ये याडी बसलेली चालेल तुला?"

वर्षाला रडू आलं. याडीचा समुद्र आपणच हिरावून घेतोय, असं तिला वाटत होतं. लखननं तिच्या पाठीवर हात ठेवला. पुढचा बेत मग तिघांनी मिळून आखला.

रविवारी प्रेमभाऊ आले. चहा घेता घेता म्हणाले, "समुद्र कसा, ताटातल्या पान्यावानी! लेकराले खेळाले सोडून द्या."

"भाऊ, याडीले आत्ताच दाखवा ना," लखन भोळा चेहरा करून म्हणाला. "फोटो नाही, खराखुरा."

"आता कुठं फोन लागते? ते लोक कामात राहतात."

"लागलाय," केतकी म्हणाली आणि तिनं फोन याडीच्या हातात दिला.

अंगणभर समुद्राचा आवाज घुमला. पाऊस आडवातिडवा कोसळत होता आणि माड वाकले होते. ती मुलगी छत्री सावरत हात हलवत होती. प्रेमभाऊंचा कप बशीतच राहिला.

"मी सोता कधी गेलो नाही जी," ते खाली मान घालून म्हणाले. "वरून व्हिडिओ आला, म्या पुढं धाडला."

"आम्हीही कुठं नीट पाहिला?" यज्ञेश्वरकाका म्हणाले. "पंचांग दिग्रसपुरतं ठेवायला हवं होतं. लखन, तुझी नजर चांगली आहे रे."

"अन् मी पोरं शिकवतो म्हनतो," गुरुजी म्हणाले. त्यांनी तिघांना जवळ बोलावलं. "तुमी नसते तर याडीले कुठं घेऊन गेलो असतो मी?" सहल दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरात न्यायची असं तिथल्या तिथं ठरलं.

याडीचं मात्र इकडे लक्षच नव्हतं. ती अजून फोनमध्ये बघत होती.

"याडी," वर्षानं भीत भीत विचारलं, "दिवाळीत येशील ना?"

याडीनं उशाशी ठेवलेली पुरचुंडी आणली आणि वर्षाच्या ओंजळीत ठेवली.

"पावसाळ्यात मीठ पाझरते," ती म्हणाली. "माह्या लक्षात राह्यत नाही. तू सांभाळ. दिवाळीत तिथं गेल्यावर समुद्राले कोरडंच देईन."

वर्षा उठली आणि घट्ट झाकणाचा डबा शोधायला आत गेली.