दम गेलेली चकती

संशोधक बाईंनी सासूबाईंच्या टेबलावर डबा आपटला. “माझी चकती कुणीतरी मारलीय.”

“मारलीय म्हणजे, पळवलीय?” जावईबापूंनी विचारलं.

“मारलीय म्हणजे मारलीय. प्रेत आत आहे.”

जावईबापू खुर्चीसकट मागे सरकले. सासूबाईंनी झाकण उघडलं. आत बिस्किटाएवढी काळी चकती होती.

सासूबाई खाजगी तपासाचं काम करत आणि जावईबापू त्यांची पिशवी धरत. बेकार जावयापेक्षा कामाचा जावई बरा, या हिशेबानं लेकीनंच ही नेमणूक केली होती.

“ही ऑक्साइडची आहे,” बाई म्हणाल्या. “तांबं आणि आणखी दोन धातूंची ऑक्साइडं कुटून, भट्टीत भाजून केलेली. द्रव नायट्रोजनमध्ये गार केली की अतिसंवाहक होते. वीज विनाअडथळा वाहते, वर चुंबक तरंगतं. त्यावर मी कुठेही न टेकता फिरणारं चाक बनवलंय. काल चुंबक तरंगत होतं. आज सकाळी दगडासारखं पडलं. दुपारी ते तपासायला समिती येतेय. चकती चालली नाही तर माझी प्रयोगशाळेची खोली जाणार आणि मी खोटारडी ठरणार.”

“बदलली असेल कुणी.”

“मलाही तेच वाटतंय, काकू. खालच्या बाजूला मी मार्करनं ठिपका काढते. शाई आत मुरते, पुसून जात नाही. आता ठिपकाच नाही. पण कडेची खपली उडाली होती, ती मी जपून ठेवलीय.”

सासूबाईंनी खपली कडेला लावून पाहिली. फट दिसेना.

“चकती तीच आहे. ही मरते कशानं?”

“पाण्यानं. ओल लागली की सडते, मग काही इलाज नाही. नाहीतर ऑक्सिजन गेल्यानं. लालभडक तापली की ऑक्सिजन निघून जातो. हळूहळू गार केली तर परत मुरतो. झटकन बाहेर काढली तर नाही. दिसायला मात्र काळी ती काळीच.”

“ठिपका गेल्याचं आणखी कुणाला बोललात?”

“नाही. सगळ्यांना वाटतंय, मेली.”

“मग तसंच वाटू दे.”

प्रयोगशाळेत भट्टीशेजारी तोंडावर लावायच्या चार ढाली टांगलेल्या होत्या. तीन काजळलेल्या, चौथीवर बोटभर धूळ.

“ती सरांची,” बाई म्हणाल्या. “माझे गुरू. ढाल भित्र्यांसाठी असते म्हणतात.”

खोलीच्या किल्ल्या बाईंखेरीज तिघांकडे होत्या.

पहिले विभागाचे प्रमुख. चेहरा गुळगुळीत, बूटही.

“मला खोली हवीय. टेबलटेनिससाठी. लपवत नाही.”

“आणि चकती?”

“ती खिडकीतून फेकली असती तरी मला चाललं असतं. पण खिडकी उघडत नाही. दुरुस्तीचा अर्ज माझ्याकडेच पडून आहे.”

दुसरे शेजारच्या खोलीतले तारवाले डॉक्टर. जन्म धातूच्या तारांवर घालवलेला.

“ही भाजलेली माती आमच्या तारांची जागा घेणार म्हणे! मी असतो तर हातोडी घातली असती.”

“मग का नाही घातली?”

“बायको म्हणाली, तुम्हाला नेम नाही.”

तिसरे सर. आवाज मधाळ, मिशी भरघोस, पण डावी बाजू उजवीपेक्षा आखूड.

“न्हावी बदलायला हवा,” जावईबापू कुजबुजले.

“पोरीचं फार वाईट वाटतं हो,” सर म्हणाले. “मीच शिकवलं तिला. ती चकती टाकून मात्र देऊ नका हं. माझ्याकडे द्या. आठवण म्हणून.”

दुपारी समिती येऊन बसली. बाईंनी सगळ्यांसमोर चकती गार केली आणि वर चुंबक ठेवलं. खट्ट आवाज झाला. चुंबक चकतीवरच बसून राहिलं.

“संपलं,” प्रमुख म्हणाले.

“संपलंच,” सासूबाई म्हणाल्या. “मेलेली वस्तू ठेवून काय करायचंय? जावईबापू, हातोडी.”

तारवाल्यांनी तत्परतेनं खिशातली पुढे केली. जावईबापूंनी ती उगारली. बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

“थांबा!” सर ओरडले. “फोडू नका! ऑक्सिजनच्या भट्टीत ठेवली तर उद्या उठेल ती!”

जावईबापूंनी हातोडी थांबवली, पण वाटेत स्वतःच्याच गुडघ्यावर.

“सर,” सासूबाई म्हणाल्या, “ती ऑक्सिजन जाऊन मेलीय, हे तुम्हाला कुणी सांगितलं? पाण्यानं मेली असती तर भट्टीनं उठली नसती.”

सरांचा हात मिशीच्या आखूड बाजूकडे गेला.

“मी सांगते. मुरलेली शाई पुसली जात नाही, पण जळते. म्हणजे चकती आगीतून आली. प्रमुखांनी आणि तारवाल्यांनी ती सरळ फोडली असती. मारणाऱ्यानं मात्र नुसता तिचा दम काढला, अंगाला धक्का लावला नाही. कारण आज ती पडायला हवी होती आणि उद्या उठायला. बाई खोटारड्या ठरल्या की आठवण म्हणून तुम्ही ती नेणार, आणि मग तुमच्या नावानं तरंगवणार. लालभडक भट्टी उघडून चकती ओढून काढताना ढाल लावली नाहीत. मिशीनं त्याची किंमत मोजली.”

“ही पोर मी घडवलीय!” सर ओरडले. “तिचं सगळं माझंच आहे!”

“तुम्ही मला शिकवलंत, सर,” बाई म्हणाल्या. “चकती मी भाजली.”

सर कुणाकडेही न बघता निघून गेले.

प्रमुखांनी घसा साफ केला. “वाईट झालं. पण नियमाप्रमाणे आज चकती चालली नाही. नव्या तारखेसाठी अर्ज करा. तोपर्यंत खोली...”

बाई म्हणाल्या, “अर्ज करणार नाही आणि खोलीही सोडणार नाही. भट्टी आत्ता लागतेय. समितीनं स्वतः सील करावी आणि सकाळी स्वतः उघडावी. हिंमत असेल तर.”

समितीच्या अध्यक्षबाईंनी पदर खोचला. “सील कुठंय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीनं सील तोडलं आणि बाईंनी चकती द्रव नायट्रोजनमध्ये गार केली. मग वर धरलेलं चुंबक सोडलं. ते बोटभर उंचीवर तसंच राहिलं.

“चुंबकंच ती,” चहाचा कप हातात घेऊन प्रमुख म्हणाले. “एकमेकांना ढकलत असतील. त्यात काय!”

बाईंनी चिमट्यानं चकती उचलली. चुंबक तरंगतच सोबत आलं. त्यांनी ती प्रमुखांच्या भरल्या कपावर नेली आणि उलटी केली.

चुंबक आता चकतीच्या खाली आलं आणि तिथंच अधांतरी थांबलं, कशालाही न टेकता, चहाच्या बरोबर वर. चहावर तरंगसुद्धा उठला नाही.

“नुसतं ढकलत असतं तर चहात पडलं असतं. बोला,” बाई म्हणाल्या. “खोली कुणाची?”

प्रमुखांनी कप न हलवता दुसरा हात खिशात घातला आणि किल्ली काढून टेबलावर ठेवली.