तिसऱ्या मजल्यावर नसलेला जिना

ज्या माणसाला मी तीन दिवस मनातल्या मनात लाखोली वाहत होते, तो मला रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, चादरींच्या खोलीत, जमिनीवर पालथा पडलेला सापडला.

"अहो, कुणीतरी या इकडे! हे बेशुद्ध पडलेत!" मी किंचाळलेच.

"शुद्धीत आहे हो," फरशीला गाल टेकवून तो म्हणाला. "कपाटाखालून भिंतीपर्यंतचं अंतर घेतोय. पाय जरा बाजूला घ्या... लेझर तुमच्या चपलेवर पडतंय."

तो उठला. केसांत जळमटं, नाकावर धूळ, आणि डोळे – जाऊ दे. मी डोळे बघायला आले नव्हते, भांडायला आले होते.

मी इमारतींचे आतले नकाशे काढते. पेशंटच्या नातेवाइकांना मोबाइलवर कळावं, कुठला मजला, कुठलं दार, म्हणून. एकेक मजला काढायचा, खालचा पुसट करून त्यावर वरचा ठेवायचा. लिफ्टवर लिफ्ट, जिन्यावर जिना, अगदी तंतोतंत बसायला हवा. पण या इमारतीचा मागचा जिना दुसऱ्या मजल्यापर्यंत चढत होता, तिसऱ्यावर गायब होत होता आणि चौथ्यावर पुन्हा उगवत होता. मोजमापं कुण्या मोजणीवाल्याने पाठवलेली. मी त्याला लिहिलं, 'जिना विसरलात.' उत्तर आलं, 'तिथे जिना नाही.' मी लिहिलं, 'मग चौथ्यावरचा काय हवेत लटकतोय?'

"हवेतल्या जिन्यावाल्या तुम्हीच ना?" आता तो हसत होता.

"आणि जिना हरवणारे तुम्ही!"

"हरवलेला शोधायलाच आलोय. तुमच्या त्या एका ओळीने दोन दिवस झोप नाही."

वाद घालत घालत आम्ही मोजायला लागलो. टेपचं एक टोक त्याच्याकडे, एक माझ्याकडे. मुलांच्या वॉर्डाला लागून असलेली ही चादरींची खोली आतून अकरा फूट भरली, आणि नकाशाप्रमाणे वीस हवी होती. मधले नऊ फूट गेले कुठे? त्याने मागच्या भिंतीवर बोटं वाजवली. पोकळ आवाज आला.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. मग काही न बोलता चौथ्या मजल्यावर धावलो आणि मागच्या जिन्याने खाली उतरू लागलो. दिवा नव्हता. बाराव्या पायरीवर माझा हात पुढे गेला आणि थंडगार विटांना लागला.

आगीच्या वेळी पळून जायचा हा जिना. वरून धावत आलेली माणसं या भिंतीवर आपटली असती. आणि भिंतीपलीकडे लहान मुलांच्या अठरा खाटा!

"तुम्ही थरथरताय," तो हळूच म्हणाला.

"तुम्हीसुद्धा."

तेव्हा लक्षात आलं – केव्हापासून कोण जाणे, आम्ही एकमेकांचा हात घट्ट धरला होता. मी तो सोडवला. जरा उशिराच.

वॉर्डाच्या सिस्टर म्हणाल्या, "चादरींना जागा हवी होती, दोन वर्षांपूर्वी भिंती घातल्या." व्यवस्थापकांनी तर आमचं ऐकून चहाचा घोट घेतला आणि ते म्हणाले, "मग तुम्ही नकाशात जिना सरळ दाखवून टाका ना. कागदावर जुळलं की झालं."

नाही म्हटलं तर काम जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं.

"नाही काढणार," माझा आवाज चिरकला. "लोक माझा नकाशा बघून पळतील, साहेब."

"आणि मी मोजलेलं खोडत नाही," शेजारून आवाज आला.

दोघांनाही कामावरून काढलं. बाहेर येऊन आम्ही दारातल्या पायऱ्यांवरच बसलो, मजल्यावर मजला ठेवून दोन नकाशे जोडले, खाली दोघांच्या सह्या केल्या आणि दुपारीच अग्निशामक दलाच्या कचेरीत देऊन आलो.

घरी वहिनीने भाजी वाढता वाढता विचारलं, "हा मोजणीवाला कोण गं? जेवायला बसल्यापासून सहावा उल्लेख."

"काहीतरीच काय वहिनी!"

"सातवा आला की दादाला सांगते."

चौथ्या दिवशी अधिकारी आले आणि व्यवस्थापकांसमोरच भिंतीवर पहिला घण पडला. मुलांना आधीच खाली हलवलं होतं. अधिकाऱ्यांनी बोलावलं म्हणून आम्ही दोघंही लांब उभे होतो. विटा कोसळल्या, धूळ उडाली, आणि त्या धुळीतून वरच्या पायऱ्या दिसल्या. मला हुंदकाच फुटला. त्याने खिशातून रुमाल काढला. तो इतका मळका होता की मी रडता रडता हसले.

"एक सांगायचं होतं," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "मला दुसरं काम मिळालंय. धरणावर. उद्या निघायचंय... तीन महिने."

इतक्या दिवसांत काय काय पाहून हादरले होते, पण असा धक्का... उद्या?

"रुमाल राहू दे तुमच्याकडेच," तो म्हणाला.

"तीन महिने ना?" मी म्हणाले. "मग लग्न त्यानंतर करू."

शब्द तोंडातून गेले आणि मीच गार पडले. हे कोण बोललं? आम्ही तर अजून एकमेकांना अहो-जाहो करत होतो! समोरच्या सिस्टरच्या हातातला ट्रे वाजला. घण मारणारा थांबला.

मोजणीवाल्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि तो मटकन खालीच बसला.

"अहो... काय झालं?" मी घाबरून वाकले.

"थांबा जरा," छातीवर हात ठेवून तो म्हणाला, कानांपर्यंत लाल होत. "हो म्हणायचंय... पण आवाजच फुटत नाहीये."